नेटवर्क म्हणजे जाळं, रेंज की ओळखीपाळखी?

प्रश्न: फोन लागला नाही की सासूबाई म्हणतात "नेटवर्क नाय". दीर विमा एजंट आहे, त्याचं रोजचं "वहिनी, नेटवर्क वाढवायला पाहिजे". आणि मुलीच्या आठवीच्या पुस्तकात कॉम्प्युटर नेटवर्क आलंय. ती विचारते हे तिन्ही एकच का? मी म्हटलं नेटवर्क म्हणजे जाळं, तर म्हणाली मग काकाचं जाळं म्हणायचं का, तो काय लोकांना फसवतो? काय सांगू तिला? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ताई, मुलगी हुशार आहे तुमची, तिने शब्दाची नस बरोबर पकडलीय. मूळ अर्थ जाळीकामच. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे आणि तेव्हा तो दोऱ्याच्या किंवा धातूच्या खऱ्याखुऱ्या जाळीला वापरायचे. एकोणिसाव्या शतकात कालवे आणि रेल्वे पसरायला लागल्या तसा तो त्यांना चिकटला, मग तारा, रेडिओ, कॉम्प्युटर असं करत आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आला.

मुलीला रेल्वेवरून सांगा, लगेच कळेल. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती नुसती एक लाईन होती, तिला नेटवर्क नाही म्हणता येणार. पुढे लाईन कल्याणला गेली आणि तिथून एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे गेला, तिथे जाळं विणायला सुरुवात झाली. म्हणजे गाठी पाहिजेत आणि गाठींना जोडणारे धागे पाहिजेत. रेल्वेत गाठ म्हणजे स्टेशन, शाळेच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर, दिराच्या बाबतीत माणसं. एवढं धरलं की तिन्ही अर्थ एकच.

पण मराठी शब्द तिन्हीकडे एकच चालत नाही, आणि मला वाटतं तो चालवूही नये. रस्त्यांचं जाळं, कालव्यांचं जाळं छान वाटतं. माणसांच्या बाबतीत मात्र जाळं म्हटलं की कोणीतरी जाळ्यात सापडलंय असंच आपल्या कानाला ऐकू येतं. तसं बघितलं तर जाळं वाईट नाहीच, तुमच्याच कोकण किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा सगळी मिळून ओढतात आणि मासळीचे वाटेही सगळ्यांना मिळतात, पण भाषेत शिकाऱ्याचं जाळंच जास्त रुजलं त्याला काय करणार. दिराच्या कामाला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, माणसं जोडणं. ओळखीपाळखी वाढवणंही चालेल. कॉम्प्युटरचं मात्र सरळ नेटवर्क म्हणा, परीक्षेतही तेच येणार, संजाल हा शब्द पुस्तकात दिसला तर अर्थ माहीत असू दे.

आणि सासूबाई म्हणतात ते नेटवर्क म्हणजे खरं तर रेंज. कंपनीचं जाळं जागेवरच असतं, फक्त तुमच्या अंगणापर्यंत सिग्नल पोचत नाही, कारण मध्ये डोंगर आहे नाहीतर टॉवर लांब आहे. लोक रेंज म्हणतात, टॉवर नाही म्हणतात, नेटवर्क म्हणतात, सगळं सगळ्यांना समजतं, त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.

प्रश्न: टॉवर फुल दाखवतो पण नेट हलत नाही, असं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: कारण फोनवरच्या त्या कांड्या फक्त टॉवरपासून तुमच्या हातापर्यंतच्या सिग्नलचा जोर दाखवतात. टॉवरच्या पुढचा रस्ता बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या फायबर केबलचा असतो, खोदकामात ती तुटली तरी कांड्या फुलच राहू शकतात. दुसरं कारण गर्दी, जत्रेत एकाच टॉवरवर हजारो फोन लागले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येतं. अशा वेळी फोन बंद-चालू करून कधी कधी दुसरा टॉवर मिळतो, पण केबलच तुटली असेल तर ती जोडेपर्यंत थांबावंच लागतं.