पाना-पेचकस : पॅकिंग मिळत नाही, ऑइल थांबत नाही

प्रश्न : वडिलांच्या काळचा एचएमटी २५११ ट्रॅक्टर आहे. उन्हाळवाहीपासून इंजिनचं ऑइल गळतं. रोज सकाळी क्लच हौसिंगखाली मातीवर काळा डाग असतो. एक मिस्त्री म्हणतो क्रँकचं मागचं सील गेलं, ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागेल. दुसरा म्हणतो टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाखालचं, पॅकिंग गेलं. ते दारव्ह्यात नाही, यवतमाळलाही नाही. मृग तोंडावर आला. सिलिकॉन फासून पेरणी निघेल का?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सिलिकॉनची नळी सध्या खिशातच राहू द्या, आणि ट्रॅक्टर मधोमध खोलायची घाई तर मुळीच नको. दोन मिस्त्री दोन जागा सांगतात म्हणजे दोघांनीही इंजिन पुसून पाहिलेलं नाही.

ऑइल निघतं वरून आणि दिसतं खाली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेली धार ब्लॉकवरून उतरते, पंख्याची हवा तिला आणखी मागे ढकलते आणि थेंब पडतो तो बरोबर क्लच हौसिंगखाली. पाहणारा म्हणतो, सील गेलं. म्हणून आधी डिझेल आणि ब्रश घेऊन सगळं इंजिन धुवा. काळ्या मातीचा आणि तेलाचा जो थर बसलेला असतो तो खरवडून काढा. फडक्यानं कोरडं करा आणि वरून खालपर्यंत पोरांच्या अंगाला लावायची टाल्कम पावडर उडवा. मग इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवा. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ जिथून सुरू होते, ती तुमची जागा.

हौसिंगच्या पोटात बहुतेक ट्रॅक्टरला खाली एक बारीक भोक असतं, त्यात कॉटर पिन लोंबत असते. बाहेरून सगळं कोरडं आणि त्या भोकातूनच थेंब येत असेल, तर मात्र गळती आतली आहे. तो थेंब बोटावर घेऊन पाहा. काळा आणि पातळ असेल तर इंजिनचा. घट्ट, गंधकासारखा वास मारणारा असेल तर गिअरबॉक्सचा. या दोन्हींत घरगुती इलाज नाही. ऑइल क्लच प्लेटवर गेलं की ट्रॅक्टर ओढायला नकार देतो, तेव्हा तो खोलावाच लागतो.

रेघ कव्हरजवळ निघाली असं समजू. तरी पॅकिंगकडे जायच्या आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडायची वाट, पाहा. कपाशीच्या मुलखात ब्रीदरची जाळी धूळ आणि रुईनं गच्च भरलेली मी हमेशा पाहतो. इंजिनच्या पोटातल्या हवेला वाट मिळाली नाही की ती ऑइलला सोबत घेऊन जिथून फट मिळेल तिथून निघते. मग तुम्ही सोन्याचं पॅकिंग लावा, ते आठ दिवसांत पुन्हा ओलं. जाळी डिझेलमध्ये धुऊन, वाळवून लावा. चालत्या इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढून वर तळहात धरा. थोडी फुंकर असणारच. भकाभका धूर मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि दोष पॅकिंगचा नाही. ऑइलची पट्टीही पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पंपाकडून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तो आजार वेगळा, आणि तसं पातळ ऑइल घेऊन ट्रॅक्टर वावरात नेऊ नका.

आता पॅकिंग. एचएमटीनं हरियाणातल्या पिंजोरला १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या मदतीनं ट्रॅक्टर बांधायला घेतले, आणि २०१६ साली केंद्र सरकारनं तो विभाग बंद करायचं ठरवलं. म्हणून काउंटरवरचा पोरगा नंबर ऐकूनच मान हलवतो. पण टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला कंपनी लागत नाही, शीट लागतं. तालुक्याच्या ऑटो पार्टवाल्याकडे तीन मिलिमीटरचं कॉर्क शीट मागा. टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनच्या पुढच्या बाजूचं झाकण, अशा घासून सपाट केलेल्या तोंडांना अर्ध्या मिलिमीटरचा ऑइल पॅकिंग कागद मागा.

जुनं पॅकिंग तुकड्या-तुकड्यांनी निघालं तरी फेकू नका, पाटीवर जुळवून ठेवा. कव्हरच्या कडेला बोटानं ग्रीस लावून ते शीटवर दाबलं की पूर्ण ठसा उमटतो. आधी भोकं पाडा, मग कडा कापा. उलटं केलं की शीट सरकतं आणि शेवटचा बोल्ट बसत नाही. भोकाला पंच नसेल तर बेअरिंगची जुनी गोळी घ्या. बिडाच्या तोंडावर कागद ठेवून गोळी भोकावर धरायची आणि हातोडीनं हलकेच ठोकायची, भोक गोल आणि स्वच्छ पडतं. अॅल्युमिनियमच्या भागावर हे करू नका, कड मोडते. जुनं कॉर्क पॅकिंग धड असून नुसतं आकसलं असेल, तर कोमट पाण्यात भिजत टाका. बहुतेक वेळा ते मापावर येतं.

शीटच मिळालं नाही तर? लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, ज्याला चकाकी नाही असा, ऑइलमध्ये भिजवून टायमिंग कव्हरला लावा, पेरणी निघून जाते. टॅपेट कव्हरला तो पुरत नाही. ट्यूबचं रबर मात्र कापू नका. गावोगाव लोक तेच करतात. ट्यूबचं रबर ऑइल पिऊन फुगतं, बोल्टामधून बाहेर लोंबतं आणि आधीपेक्षा जास्त गळती लागते.

दुसरी गोष्ट जाडीची. कव्हरला पॅकिंग कमी-जास्त जाड झालं तर बिघडत नाही. ऑइल पंपाच्या झाकणाला बिघडतं. तिथं जाड कागद लावला की आतले गिअर सैल फिरतात आणि ऑइलचं प्रेशर पडतं. गळती थांबते आणि बेअरिंग जातं. जुन्या कागदाची जाडी मोजल्याशिवाय ते झाकण लावू नका.

कव्हर लावायच्या आधी ते काचेवर पालथं ठेवून पाहा. पत्र्याचं कव्हर बोल्टाच्या भोकांपाशी खाली दबलेलं असतं, कारण गळती लागली की प्रत्येकजण आणखी एक आटा आवळतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून ती भोकं मागून ठोकून सपाट करा. माझ्या गॅरेजात येणाऱ्या निम्म्या तरी कव्हरांचा रोग हाच असतो. पॅकिंग बिचारं चांगलं असतं. मग सगळे बोल्ट हातानं बसवा, मधून सुरू करून आलटून-पालटून आवळा. कॉर्क थोडं दबलं की थांबा, बाहेर फुगून यायला नको. इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की हलका हात फिरवून घ्या.

सिलिकॉन कुठं? पॅकिंगच्या कोपऱ्यात, जिथं दोन तुकडे जुळतात, तिथं गव्हाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं की आतल्या बाजूला निघालेली शेवई सुटते, खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटते. बाहेर कोरडं आणि आत क्रँक उपाशी.

तोवर ट्रॅक्टर कुटाराच्या ढिगाजवळ उभा करू नका. सायलेन्सरवर पडलेलं ऑइल नुसतं धुरत नाही, पेटतंही.

प्रश्न : विहिरीवर ५ एचपीचं जुनं डिझेल इंजिन आहे. लाइन रात्रीची असते, म्हणून दिवसा संत्र्याला पाणी इंजिननंच देतो. हेडमधून ऑइल आणि धूर येतो. हेड पॅकिंग मिळत नाही. पुठ्ठ्याचं कापून चालेल का?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : नाही भाऊ. डिझेल इंजिन हवा साधारण १६ ते १८ पट दाबतं, त्यात स्फोट होतो. पुठ्ठा पहिल्याच झटक्याला जळून जाईल. वरचा सगळा सल्ला कव्हरांसाठी आहे, हेडसाठी, म्हणजे सिलिंडर वरून बंद करणाऱ्या भागासाठी, नाही.

जुनं पॅकिंग नुसत्या तांब्याचं असेल आणि त्यावर जळका चर पडलेला नसेल तर तेच पुन्हा वापरता येतं. दाबून दाबून तांबं कडक झालेलं असतं. विस्तवावर लालबुंद तापवून पाण्यात टाकलं की ते मऊ होतं. पॉलिश कागदानं घासून, सपाट करून लावा. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये राखाडी भरण असेल तर तापवू नका, कोरडं खरवडूही नका. जुन्या भरणात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून काढा, पिशवीत गुंडाळा.

नवं आणायला जाताना नुसता कंपनीचा नंबर नेऊ नका. बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा, व्यास आणि जुन्या पॅकिंगची जाडी कॅलिपरनं मोजून न्या. पातळ मिळालं तर पिस्टन हेडला टेकेल, जाड मिळालं तर सकाळी हँडल मारून हात दुखेल. लावायच्या आधी हेडच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर हेड फेसिंगला, म्हणजे तोंड घासून सपाट करायला, द्या, पॅकिंगवर खर्च नंतर.

प्रश्न : मोटारसायकलच्या ड्रेन बोल्टमधून ऑइल झिरपतं. वॉशर बदलला, तरी तेच. टेफ्लॉन टेप लावू का?
— एक विद्यार्थी, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : टेप नको, तिचे धागे आत जातात. वॉशर बसतो ती जागा नखानं चाचपून पाहा. जुन्या वॉशरची चकती तिथंच चिकटलेली असते आणि लोक तिच्यावर दुसरा चढवतात. ती काढा. आटे सैल झाले असतील तर लेथवाल्याकडून नवे आटे बसवून घ्या, आणि पुढच्या वेळी बोल्ट आखूड पान्यानं आवळा.