चरून वाढलेल्या जनावराचं मांस निखाऱ्यावर भाजलं की चामड्यासारखं का होतं?

तुम्ही लिहिलंय की पॅलिओ आहार (धान्य, डाळी-शेंगा, दूधदुभतं वर्ज्य) सुरू केलाय, गाव वर्ध्याकडचं आहे, व्हिडिओत दाखवतात तसं गवतावर वाढलेल्या गाईचं स्टेक इथे मिळत नाही, म्हणून गावरान बोकडाचं मटण साधं मीठ लावून जाळीवर भाजलं. दोन्ही वेळा वातड झालं. आता कोणता मसाला लावू आणि सोबत काय खाऊ, असा प्रश्न आहे.

मसाल्याचं शेवटी बघू. आमच्याकडे बेरारी शेळ्या आहेत, आणि "गावरान बोकड भाजायच्या कामाचं नाही, त्याला कुकरच्या सहा शिट्ट्याच लागतात" हे मी आमच्या मामाजींपासून खाटकापर्यंत सगळ्यांकडून ऐकत आलोय. हे साफ चूक आहे. दोष बोकडाचा नाही. सकाळी आठला कापलेलं, साडेनवाला पिशवीत आणि अकराला जाळीवर, हे कारण आहे.

गाईची कत्तल आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने बंद आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, तेव्हा त्या व्हिडिओतलं मांस शोधत बसू नका. बोकड घेतलात ते बरोबरच केलंत. तोही चरून वाढतो, त्याच्याही मांसात आतून चरबी फार कमी असते, म्हणून नियम तेच लागू पडतात. एकच खूण इथे चालत नाही. गवतावरच्या गाईची चरबी पिवळसर असते म्हणतात, ते खरं आहे. बोकडाची मात्र कितीही हिरवा पाला खाल्ला तरी पांढरीच राहते. पांढरी चरबी दिसली की "हा ढेपेवरचा आहे" असं समजू नका.

आता मुख्य गोष्ट. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि साधारण एका दिवसानंतर हळूहळू सैल पडायला लागतं. गरम मांस तसंच कडक आचेवर टाकलं तर ते पिळवटतं. आणि घरी आणून लगेच बर्फाच्या कप्प्यात कोंबलं तर त्याहून वाईट: ताठरण्याआधीच थंडी बसली की स्नायू आखडतो, आणि तो आखडलेला स्नायू नंतर कितीही भाजा, मऊ होत नाही. म्हणून मागचा पाय, खाटकाच्या भाषेत रान, अख्खी घ्या. हाडाला धरून असलेला स्नायू फारसा आखडू शकत नाही. दिवाळी ते संक्रांतीच्या थंडीत रात्री पातळ कापडात गुंडाळून वाऱ्याला पाच-सहा तास टांगा, मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दीड-दोन दिवस, उघड्या ताटलीत. उन्हाळ्यात टांगायचं नाही, थेट खालच्या कप्प्यात. पटत नसेल तर एकाच बोकडाच्या दोन राना घ्या, एक त्याच दिवशी भाजा, दुसरी दोन दिवसांनी, आणि डोळे मिटून खाऊन बघा. आमच्याकडे मामाजींसमोर हेच केलं होतं, त्यानंतर शिट्ट्यांचा विषय निघाला नाही.

खाटकाला सत्तूर उचलायच्या आधी सांगा, "तुकडे नको." एकदा रस्स्याचे तुकडे पडले की खेळ संपला. बोकड वर्षाच्या आतला, दुधाच्या दातांचा, आणि खच्ची केलेला असेल तर उत्तम; मोठा, खच्ची न केलेला बोकड भाजला की त्याचा वास लपत नाही.

घरी रान पाटावर ठेवा आणि सुरीच्या टोकाने हाडापासून सोडवा. स्नायू एकमेकांपासून पांढऱ्या पडद्याने वेगळे झालेले दिसतील. त्या पडद्याच्या रेषेवरूनच सुरी चालवा, म्हणजे तीन-चार गुळगुळीत गोळे सुटतील. वरचा चिवट पडदा सोलून काढा. तो आचेवर विरघळत नाही, आकसतो आणि तुकड्याची वाटी करतो. मग धाग्याला आडवे, एक इंच जाडीचे तुकडे करा. नडगी आणि मान भाजायची नाही, ती रस्स्याला ठेवा. त्यातली शिरा-तंतूंची चिवटी तासनतास शिजल्याशिवाय सुटत नाही.

मीठ किलोला दहा ते बारा ग्रॅम, आदल्या रात्रीच. भाजायच्या आधी कापडाने टिपून कोरडं करा. ओला तुकडा भाजत नाही, वाफेवर शिजतो.

पऱ्हाटी (कपाशीची) आणि तुराटी (तुरीची काडी) इस्तो, म्हणजे विस्तव, पेटवायलाच वापरा. त्यांचा निखारा टिकत नाही, आणि पऱ्हाटीवर वर्षभर फवारणी झालेली असते. बाभळीचा कोळसा हवा. कडुनिंब नको, धूर कडवट लागतो. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली अजिबात नको, तापल्यावर त्यातून विषारी धूर निघतो. लोहाराकडून आठ मिलीमीटरच्या साध्या सळया दीड सेंटिमीटर अंतराने जोडून घ्या, पहिल्यांदा लाल होईपर्यंत तापवा. तीन विटांवर जाळी, निखारे एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी. जाळीच्या वर चार बोटं हात धरा: दोन-तीन आकडे मोजेपर्यंत हात ओढावा लागला तर आच बरोबर.

तुकड्याला बोकडाचीच वितळवलेली चरबी चोळा. गुर्द्याभोवतीची पाव किलो चरबी बारीक कापून अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर ठेवा, पाणी आटलं की गाळून घ्या. सोयाबीन तेल किंवा शेंगदाणा तेल तुमच्या आहारात बसत नाही, आणि त्याची गरजही नाही.

निखाऱ्यावर एका बाजूने दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं. मग मोकळ्या बाजूला सरकवा आणि चार ते सहा मिनिटं ठेवा. इथे अंदाज चालत नाही, मांसाचा थर्मामीटर घ्या. मधोमध ६२-६३ अंश झालं की उतरवा आणि पाच मिनिटं सुरी लावू नका. ७० च्या पुढे गेलं की रस पिळून निघतो. चरबीची गादी नसल्यामुळे चराईच्या मांसात ६३ पासून ७० पर्यंतचा प्रवास दीड-दोन मिनिटांचा असतो, आणि तुमचं दोन्ही वेळा इथेही हुकलं असणार. ताटली आधी निखाऱ्याजवळ गरम करून ठेवा. थंड ताटलीत बोकडाची चरबी थिजते, टाळूला चिकटते, आणि लोक म्हणतात मटण बरोबर नव्हतं.

कच्ची पपई लोक हमखास सांगतात. कोवळ्या, असं दोन दिवस ठेवून मुरवलेल्या मांसाला नको, वरून लगदा होतो. दही तुम्हाला चालत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. वीज चार-चार तास जात असेल तर दोन दिवस मुरवायच्या फंदात पडू नका, त्यापेक्षा वातड परवडलं. आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या तुकड्याला ७१ अंश पूर्ण होऊ द्या, कलेजी तर सगळ्यांनीच. कच्चं मटण हाताळताना बोटाला चीर असेल तर हातमोजा घाला, शेळ्यांमधून ब्रुसेला नावाच्या जंतूचा आजार माणसाला होतो.

मसाला: उतरवल्यावर भरड मिरे आणि लिंबू, भाजताना काहीही नाही, मिरे जळतात. सोबत त्याच निखाऱ्यात भाजलेलं वांगं आणि कच्चा कांदा.