ॲम्प्लिफायर, सेटटॉप बॉक्स सगळं कपाटात बंद, तर कुठला युनिव्हर्सल रिमोट घ्यावा?

टिळकवाडीतल्या घरात सगळं सामान लाकडी दाराच्या कपाटात टाकलंय म्हणताय, तर नुसता युनिव्हर्सल रिमोट घेऊन काय उपयोग नाही बघा. साधा रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालतो आणि तो उजेड लाकडातनं जात नाही, मग रिमोट ३०० चा असू दे नाहीतर ३००० चा.

स्वस्तातलं म्हणजे आयआर (इन्फ्रारेड) रिपीटर, रिमोटचा सिग्नल बाहेर पकडून वायरीनं आत पोचवणारा. त्याचा डोळा बाहेर टीव्हीखाली चिकटवायचा, वायर कपाटात न्यायची आणि टोकाचे बारीक एमिटर (सिग्नल सोडणारे दिवे) प्रत्येक बॉक्सच्या सेन्सरवर बरोब्बर बसवायचे, बोटभर सरकलं की बॉक्स ऐकत नाही. सेन्सर दिसत नसेल तर काळ्या पट्टीवर मोबाईलचा टॉर्च मारा, आत गोल काहीतरी दिसतंय ते. जुने रिमोट तसेच चालतात.

एकच रिमोट पायजे असेल तर हबवाला घ्या, हब म्हणजे एक डबी, ती कपाटात ठेवायची, रिमोट तिच्याशी रेडिओवर बोलतो आणि ती आतल्या बॉक्सना इन्फ्रारेड सोडते. लॉजिटेक कंपनीचा हार्मनी रिमोट कोणी सुचवेल, पण कंपनीनं २०२१ मध्येच ते बनवणं बंद केलंय, सेकंडहँडच्या नादाला लागू नका. मोबाईल ॲपवाला वायफाय ब्लास्टर (वायफायवरनं हुकूम घेऊन इन्फ्रारेड सोडणारी डबी) स्वस्त पडतो, पण आवाज कमी करायला घरातल्या म्हाताऱ्यांनी मोबाईल शोधत बसायचा काय?

ॲमेझॉनच्या फायर स्टिकचा (टीव्हीला लावायची स्ट्रीमिंगची काडी) रिमोट ब्लूटूथवाला, त्याला दाराची अडचण सहसा येत नाही. आणि हे सगळं घ्यायच्या आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (एचडीएमआय वायरीतनं एकाच रिमोटनं दुसरं यंत्र चालवायची सोय) चालू करून बघा की, टीव्हीच्याच रिमोटनं ॲम्पचा आवाज कमीजास्त झाला तर पैसे वाचले.

कपाटाला मागनं जाळी मात्र ठेवा, ॲम्प लई तापतो.