वावरात जुनी खापरं आणि लोखंडी कुऱ्हाड निघाली, तर कळवावं का? सरकार जमीन घेतं का?

तुम्ही लिहिलंय की काटोल रोडकडच्या वावरात संत्र्याचे खड्डे खणताना मोठे गोटे लागले, खाली काळी-तांबडी खापरं आणि गंजलेली कुऱ्हाड निघाली, आणि घरचे म्हणतात गप्प बसा.

आधी जेसीबी थांबवा. मी नागपूर विद्यापीठात पुरातत्त्व शिकलो. पोटापाण्याला आता दुसरंच करतो, पण नागपूरजवळच्या जुनापाणी-माहूरझरीचे माळ पायाखालचे आहेत. तुमचं वर्णन वाचून हे लोहयुगातलं दफन असावं असं वाटतं, म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं. गोटे गोलाकार मांडलेले दिसले, तर शंका जवळपास फिटलीच. नागपूरभोवती अशी शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत. जुनापाणीची काही तर इंग्रजांच्या काळातच उकरली गेली.

या वर्तुळांत मृतासोबत भांडी, कार्नेलियनचे (तांबूस दगडाचे) मणी, कुऱ्हाडी, खंजीर ठेवत. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या चमूने 1970च्या सुमारास माहूरझरीला उत्खनन केलं, तेव्हा घोड्याचे अवशेष तांब्याच्या दागिन्यांसह मिळाले. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. पण हा सगळा अर्थ लागला तो कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी होती यावरून. तुमची कुऱ्हाड घरच्या फळीवर ठेवली की ती निव्वळ भंगार लोखंड. म्हणून आणखी उकरू नका. निघालेलं धुऊ नका, मडक्याच्या आतली माती तशीच राहू द्या, कुऱ्हाडीला तेल-पॉलिश तर अजिबात नको. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गुप्तधनवाल्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

आता जमिनीचं. वस्तू निघाली एवढ्यावरून सातबारा बदलत नाही. जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित जाहीर झाली तर मात्र निर्बंध येतात, 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते. पण त्याआधी अधिसूचना काढून दोन महिने हरकती घ्याव्या लागतात, रातोरात काही होत नाही. उलट गप्प बसण्यात खरा धोका आहे. 1878चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवली तर सापडणाऱ्याचा हक्क जातो, शिक्षाही होऊ शकते.

तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच विसरू नका. त्याची एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला, एक विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाला. माणूस यायला वेळ लागला तर तो कोपरा मातीने बुजवून टाका आणि खड्डे धुऱ्याच्या दुसऱ्या अंगाला घ्या. पावसाळी लागवडीची घाई असेल, तर अर्जातच तसं लिहा.