‘नेहमीप्रमाणे वळवून घ्यावे’

“मी केलंय खरं, पण माझं म्हणून ते बाहेर कसं काढू?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, बरेच जण येतात. कवितांची वही कपाटात दडवून ठेवलेले निवृत्त मास्तर येतात, स्वतः लावलेल्या चाली मोबाइलमध्ये साठवून बसलेली पंचविशीतली मुलं येतात. बोलणं साधारण तेच. लोक म्हणतील यात नवीन काय, कुणीतरी चूक काढेल, नाहीतर कुणी उचलून नेईल. याचं एकगठ्ठा उत्तर माझ्याकडे नाही, पण एक गोष्ट आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. जिची गोष्ट आहे तिने हे वाचून “छापा” म्हटलंय.

मंदाताई गेल्या जूनमध्ये नौपाड्यातल्या माझ्या खोलीत आल्या. वय ६१, राहायला वर्तकनगरला, नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. तक्रार झोपेची. पहाटे तीनला जाग येते आणि मग अंथरुणात पडल्या पडल्या टाके मोजणं सुरू होतं. दोन महिने झोप बिघडलेली, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्यायला सांगितल्या. त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी कापडी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून मलमलचं फडकं, आणि फडक्यातून एक विणलेली कुंची.

हळदीच्या रंगाची, डोक्यावर नीट बसणारी, मागे पाठीवर उतरणारा झोळ असलेली. ठाण्याच्या हवेत लोकरीची कुंची कुणाला हवी, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. “सुती आहे मॅडम. आणि आपल्याकडे थंडी बाळाला नाही वाजत, आजीला वाजते.”

मी लगेच म्हटलं, “किती सुंदर आहे!” त्यांनी ती घडी घालून परत फडक्यात ठेवली. ही माझी चूक. ज्याला आपलं काम दाखवायची भीती वाटते त्याच्यावर कौतुकाची आणखी जबाबदारी येते, हे मी दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतः विसरते.

प्रकरण असं होतं. पुण्याच्या भाचीने त्यांना सुचवलं होतं, मावशी, कुंचीचा नमुना, म्हणजे विणायची कृती, लिहून विक. रॅव्हलरी नावाचं एक संकेतस्थळ २००७ पासून चालू आहे. जगभरातले विणणारे तिथे आपले नमुने लिहून, पीडीएफ करून विकायला ठेवतात. मंदाताईंनी चार पानं लिहिली, भाचीने टाइप केली, फोटो काढले. हे झालं ऑक्टोबरात. तेव्हापासून जूनपर्यंत मंदाताईंनी तीच कुंची सात वेळा विणली आणि पाच वेळा उसवली.

“चूक होती म्हणून उसवलीत?”

“नव्हती. पण असती तर?”

उसवणं हे त्यांना सावधपणाचं वाटत होतं, मला ते दुखण्याचंच अंग वाटलं. गॅस बंद केलाय का हे पाचव्यांदा बघून येण्यासारखं. भीती दाटली की उसवायचं, उसवलं की संध्याकाळ बरी जाते, आणि चूक सापडली असती तर खरंच काय झालं असतं हे कधी कळतच नाही. आठवडाभर उसवायचं नाही, एवढंच काम मी पहिल्यांदा दिलं. चार दिवस निभावलं. चार दिवस काही कमी नव्हेत.

आता समुपदेशकाला जुनी जखम शोधायची खोड असते. मलाही आहे. कुणी कधी तुमचं काम आपलं म्हणून मिरवलं का, असं मी विचारलं, आणि गोष्ट निघालीसुद्धा. तरुणपणी एका महिला मंडळाच्या प्रदर्शनात त्यांनी विणलेला बाळंतविडा, म्हणजे झबलं, टोपडं, मोजे, दुपटं सगळं, दुसऱ्याच बाईंच्या नावाने मांडला गेला होता. मी पेन सरसावलं. मंदाताई म्हणाल्या, “त्याचं काय? तिच्याकडे मी अजून संक्रांतीला जाते.” खरंच त्याचं काही नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

खरं निघालं ते वाचताना. मला विणता येत नाही. सुलट येतं, उलट टाक्याशी माझं कधीच जमलं नाही. म्हणून मी म्हटलं, ती चार पानं मला मोठ्याने वाचून दाखवा, मी अडाण्यासारखी ऐकते.

“६६ टाके घालावेत. १२ सेंटिमीटर होईपर्यंत विणावे. मग नेहमीप्रमाणे वळवून घ्यावे. मानेशी टाके उचलून…”

“थांबा. नेहमीप्रमाणे म्हणजे?”

“म्हणजे वळवतात तसं.”

“कोण वळवतं?”

“सगळेच.”

“तुमच्या आई अशी वळवायच्या?”

“नाही, आई मागून शिवायची.”

“जाऊबाई?”

“त्याही शिवतात.”

“मग सगळे म्हणजे कोण?”

बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, १९८९ चा मे महिना, थोरला तीन महिन्यांचा. मान घामोळ्यांनी लाल. कुंचीची शिवण नेमकी मानेच्या खाली यायची, आणि बाळ तर उताणंच झोपलेलं असतं. त्यावेळी सुयांवर यजमानांचे मोजे होते. टाच वळवता वळवता त्यांच्या डोक्यात आलं, पाय गोल आहे तसं डोकंही गोल आहे.

हे त्यांनी मला टेबलावरच्या कागदावर काढून दाखवलं. ६६ टाक्यांचे तीन भाग, २२, २२, २२. मधलेच २२ विणत राहायचे. दर सुईच्या, म्हणजे विणीच्या एकेका ओळीच्या, शेवटी मधल्या भागातला शेवटचा टाका आणि बाजूच्या भागातला एक टाका जोडीने विणायचा आणि काम फिरवायचं. प्रत्येक सुईला बाजूचा एक टाका खर्ची पडतो. ४४ सुया झाल्या की दोन्ही बाजू संपतात, मधले २२ उरतात, आणि सपाट पट्टीला डोक्याचा गोल आलेला असतो. शिवण कुठेच नाही. बोलताना त्यांची बोटं हवेत सुया चालवत होती आणि मला पहिल्यांदाच त्या ‘अगं’ म्हणाल्या.

चार पानांत ‘नेहमीप्रमाणे’ सहा वेळा होतं. लाल पेनने खुणा केल्या. त्यातल्या दोन ठिकाणी गोष्ट खरंच सगळ्यांची होती. कडेने टाके उचलताना चार सुयांना तीन टाके, हे कुणीही करतं. उरलेल्या चार जागी मात्र मंदाताईंनी केव्हातरी, कशासाठीतरी घेतलेला निर्णय होता, आणि इतकी वर्षं हातात राहून तो त्यांना जगाचाच वाटू लागला होता. ‘यात माझं काय आहे’ असं विचारणाऱ्यांना मी हल्ली हेच करायला लावते: लिहून काढा, अनोळखी माणसाला वाचून दाखवा, आणि ‘नेहमीसारखं’ म्हणाल तिथे थांबा. ‘आत्मविश्वास बाळगा’ या सल्ल्याने कुणाचं काही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या रडवेल्या होऊन आल्या. त्याच संकेतस्थळावर त्यांना एक परदेशी टोपडं दिसलं होतं. मागची बाजू मोज्याच्या टाचेसारखीच वळवलेली. “म्हणजे हे आधीच आहे. मी चोर ठरणार.”

मी म्हटलं, टाच तुम्ही शोधलीत का? “छे, ती तर पिढ्यान्‌पिढ्यांची.” त्या परदेशी बाईने शोधली? “तिने तरी कुठून?” त्या टोपड्याला मागे झोळ होता? नव्हता. १९८९ मध्ये ते टोपडं तुम्ही पाहिलं होतंत? यावर त्या हसल्या. कायद्याचं मात्र मी माझ्या अंदाजाने सांगितलं नाही, ओळखीच्या वकीलबाईंकडे पाठवलं. तिथून त्या बरंच निश्चिंत होऊन आल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कल्पनेवर किंवा विणायच्या रीतीवर कुणाचा हक्क नसतो. आपण लिहिलेले शब्द, काढलेला आलेख, काढलेले फोटो यांवर असतो, तोही निर्मितीपासूनच, नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या मागे ६० वर्षं राहतो. “म्हणजे नातवाच्या म्हातारपणापर्यंत!” त्यांच्यातली हेडक्लार्क खूश होती.

चोरी होणारच नाही असं मी त्यांना म्हटलं नाही. पीडीएफ आहे, कुणीतरी ग्रुपवर ढकलेलच. तेवढं नुकसान सोसवेल का, हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी भाव ठरवताना ते धरून टाकलं.

मग चूक निघण्याची भीती. तिच्यावर बोलून फार उपयोग नसतो, ती करून बघावी लागते. नमुना विकण्याआधी दोघीतिघींकडून विणून घ्यायची पद्धत या धंद्यात आहेच, आम्ही तिचाच प्रयोग केला. भाची, कळव्याची जुनी सहकारी आणि भाचीची न्यू जर्सीतली मैत्रीण. त्याआधी मंदाताईंनी एका कागदावर भाकीत लिहून पाकिटात घातलं: ‘तिघी म्हणतील जमत नाही. एक म्हणेल नक्कल आहे. लाज शंभरात नव्वद.’

भाचीची बरोबर झाली. कळव्याहून फोन आला, “मंदे, तिसऱ्या पानावर तुझी दोन टाक्यांची बेरीज चुकलीय, पण कड काय गं सुरेख!” न्यू जर्सीहून फोटो आला. बाळाच्या डोळ्यांवरून उतरून कुंची नाकापर्यंत आलेली, खाली बाळाचं तोंड, हसणारं.

त्या खेपेला मंदाताई आल्या त्या लाजून नाही, चिडून. “अहो, त्यांची आठ नंबरची सुई आपल्या आठपेक्षा जाड असते!” आपल्याकडे जुना इंग्लंडचा हिशेब चालतो, नंबर वाढेल तशी सुई बारीक. आपली आठ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेचा हिशेब उलटा, तिथली आठ ५ मिलिमीटरची. मंदाताईंच्या हाताने १० सेंटिमीटरात २२ टाके बसतात, म्हणून ६६ टाक्यांचे ३० सेंटिमीटर. जाड सुईवर १८च बसले, आणि तेच ६६ टाके ३७ सेंटिमीटरपर्यंत पसरले. त्यांनी नमुन्यात तिथल्या तिथे दुरुस्ती केली: सुई मिलिमीटरमध्ये, आणि आधी छोटा तुकडा विणून, धुऊन, वाळवून टाके मोजायची सक्ती, कारण सुती वीण धुतल्यावर माप बदलते.

पाकीट उघडलं. नक्कल कुणीच म्हटलं नव्हतं. लाज किती वाटली, मी विचारलं. “चाळीस. तीसुद्धा दुपारपर्यंत. मग त्या फोटोचं हसूच येत होतं.” उसवणं तेव्हा पूर्ण थांबलं नव्हतं, अजूनही एखादी कुंची उसवली जाते. पण पहाटेचे टाके मोजणं थांबलं.

सगळ्यांनीच काम बाजारात आणावं असं माझं म्हणणं नाही. एका कवीने माझ्याकडे चार महिने येऊन वही कपाटातच ठेवायचं ठरवलं, आणि तो निर्णय मला पटला, कारण तो घाबरून घेतलेला नव्हता.

मंदाताईंचा नमुना मार्गशीर्षात विक्रीला लागला, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. ‘नेहमीप्रमाणे’ त्यात आता दोनदाच आहे. शेवटच्या भेटीच्या आदल्या रात्री कुणा अनोळखी बाईंचा संदेश आला होता, पाठीवरच्या झोळात तेराव्या सुईला काही चुकलंय का म्हणून. “मग?” मी विचारलं. “चुकलं नव्हतं, त्यांनी एक सुई गाळली होती. उत्तर देऊन टाकलं,” त्या म्हणाल्या, आणि तो तासभर आम्ही त्यांच्या यजमानांच्या गुडघ्याबद्दल बोललो.