ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना मडगार्ड खरंच लागतं का?

फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा ट्रॅक्टर असेल तर जरूर बसवा. टू-व्हीलची पुढची चाकं लहान, त्यांचा त्रास कमी. फोर-व्हीलच्या पुढच्या टायरला मात्र मागच्यासारखेच उंच गट्टे, म्हणजे रबराचे जाड उंचवटे असतात. शिरोळकडच्या काळ्या रानातून उसाची ट्रॉली डांबरीवर आली, जरा वेग धरला, की गट्ट्यांत बसलेली ओली ढेकळं सुटून थेट तोंडावर आणि हेडलाइटवर येतात. आमच्या ट्रॅक्टरला मडगार्ड नव्हतं तेव्हा रात्री कारखान्याला जाताना वाटेत उतरून फडक्यानं लाइट पुसावी लागायची. अंधारात ते फार धोक्याचं.

बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, मडगार्ड बॉनेटला घासता कामा नये. उभ्या उसाच्या सरीत जायचं असेल तर काढून ठेवा, पाला अडकतो.