जलभीरू, जलद्वेषी आणि भित्री भागूबाई

प्रश्न असा आला आहे: "रंगाच्या एका पत्रकाचं मराठी करते आहे. त्यात 'हायड्रोफोबिक कोटिंग' आहे. जलभीरू म्हणू, जलद्वेषी म्हणू, की सरळ जलरोधक?"

जलरोधक आधी बाद करा. ते वॉटरप्रूफ. काचेच्या पेल्यातून पाणी पाझरत नाही म्हणून काच जलरोधक, पण स्वच्छ काचेवर पाणी छान पसरतं, म्हणजे हायड्रोफोबिकच्या नेमकं उलट. हायड्रोफोबिक पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, गोळा होऊन बसतं. थेंबाच्या कडेचा कोन ९० अंशांच्या वर गेला की पृष्ठभाग हायड्रोफोबिक, इतकी साधी व्याख्या आहे.

आता जलभीरू. हल्ली विज्ञान सोपं करून सांगणारा जो भेटतो तो "तेल पाण्याला घाबरतं" असं सांगतो आणि माझं डोकं फिरतं. पाण्याला घाबरणं हे खरं तर वैद्यांचं प्रकरण. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर रोगी पाणी पाहून किंवा त्याचा स्पर्श होऊन दचकतो, त्याला सुश्रुताने कल्पस्थानात 'जलत्रास' म्हटलं आणि ते मरणाचं लक्षण सांगितलं. रोमन लेखक सेल्सस पहिल्या शतकात त्याच रोगाबद्दल ग्रीकांचा हायड्रोफोबिया हा शब्द नोंदवतो. म्हणजे हा शब्द रेबीजचा. रसायनवाल्यांनी तो नंतर उचलला आणि तेलाच्या गळ्यात बांधला.

पण खरी मजा 'फोबोस'मध्ये आहे, म्हणजे फोबिया ज्या ग्रीक शब्दातून आला त्यात. आपण फोबिया म्हणजे भीती असं घोकलेलं असतं. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात मात्र फोबोस म्हणजे भीती नव्हे, पळापळ. रणांगणावर फळी फुटते आणि सैन्य पाठ दाखवतं, तो फोबोस. अलेक्झांड्रियाच्या अरिस्टार्कस या पंडिताने हे दोन हजार वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. मूळ क्रियापद फेबोमाइ, म्हणजे पळ काढणे. रशियन 'बेझात्' आणि लिथुआनियन 'बेग्ति' हे 'पळणे' या अर्थाचे शब्द त्याचेच भाऊबंद. होमरच्या इलियडमध्ये युद्धदेव आरेसबरोबर दोघे असतात, डेमोस आणि फोबोस. एक धास्ती, दुसरा पळ. १८७७ साली मंगळाचे दोन चंद्र सापडले तेव्हा त्यांना हीच नावं दिली.

इथे मला आपली 'भित्री भागूबाई' आठवते. भित्री म्हणजे धास्ती, भागू म्हणजे पळ. होमरची जोडी आपल्या अंगणात! हिंदीतलं 'भागना', मराठीत आलेलं 'भगोडा' आणि ही भागूबाई एकाच घरातली आहेत असं माझं मत आहे. ग्रीक फेबोमाइशी त्या घराचं लांबचं नातं असावं, हा माझा आणखी लाडका तर्क. 'भागना' संस्कृत भग्नपासून आलं असं बरेच जण सांगतात. चालेल, तरी माझं बिघडत नाही. फळी भग्न झाली की माणसं पळतात, म्हणजे पुन्हा होमरचाच फोबोस. "भागू हे भागीरथीचं लाडाचं नाव, यात व्युत्पत्ती कसली" असं सांगून चर्चा गुंडाळणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: मग भित्री गोदूबाई का नाही? भित्री सखूबाई का नाही? अनुप्रासासाठी, असं उत्तर येतं. शब्दात काही सापडू नये अशी इच्छा असली की अनुप्रास नेहमी मदतीला धावतो.

असो. होमरप्रमाणे अर्थ घेतला तर हायड्रोफोबिक म्हणजे पाण्यापासून पळणारा. तेल पळतं तरी का? तेही नाही. आणि हे मी म्हणत नाही, जोएल हिल्डेब्रँड म्हणतो.

हा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा रसायनज्ञ. जन्म १८८१ चा, १९८३ मध्ये गेला, म्हणजे शंभरी ओलांडून. कशात काय किती विरघळतं आणि का, हा त्याचा जन्मभराचा विषय. १९२४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. 'रेग्युलर सोल्युशन' हा एका प्रकारच्या द्रावणासाठीचा शब्दही त्याचाच, म्हणजे शब्द घडवण्याची जबाबदारी त्याला ठाऊक होती. १९५९ साली कॉझमन या रसायनज्ञाने प्रथिनांच्या संदर्भात 'हायड्रोफोबिक बॉण्ड' रूढ केला, त्यावर १९६८ मध्ये हिल्डेब्रँडने जाहीर हरकत घेतली. १९७९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्याच शब्दावर पुन्हा लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा सारांश: पाणी आणि हायड्रोकार्बन (नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे तेलासारखे पदार्थ) यांच्यात फोबिया मुळीच नाही. पाण्याचे आपसातले बंध उसकटून आत शिरायला लागते तेवढी जवळीक नाही, इतकंच.

आकडे बघा. हेक्झेन हा हायड्रोकार्बन घ्या, सोयाबीनचं तेल काढायला सॉल्व्हंट प्लांटमध्ये वापरतात तो. पाण्याचा पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग ताणायला लागणारं बळ) ७२.८, हेक्झेनचा १८.४, दोघांच्या सीमेवरचा सुमारे ५१ (एकक मिलिन्यूटन प्रति मीटर). पहिल्या दोघांची बेरीज करून तिसरा वजा केला की ४० उरतात. हे हेक्झेनचं पाण्याशी चिकटणं. हेक्झेनचं हेक्झेनशी चिकटणं १८.४ च्या दुप्पट, म्हणजे ३७ च्या आत. म्हणजे हेक्झेन स्वतःला चिकटतो त्यापेक्षा पाण्याला किंचित जास्तच चिकटतो! म्हणूनच त्याचा थेंब स्वच्छ पाण्यावर टाकला की पसरतो. घाबरणारा असा अंगभर मिठी मारतो का?

तरी लिटरभर पाण्यात तो जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. द्वेष असता तर विरघळवताना बाहेरून उष्णता कोंबावी लागली असती. तशी लागत नाही: २५ अंशांना हेक्झेनची विद्रावण-उष्णता जवळजवळ शून्य आहे, आणि पेंटेन तर थोडी उष्णता बाहेरच टाकतो. किंमत मोजावी लागते ती एन्ट्रॉपीची, म्हणजे रेणूंच्या मोकळेपणाची. पाण्याचा रेणू शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो. मध्ये हेक्झेन आला की आजूबाजूच्या पाण्याला बंध टिकवायचे तर ठरावीक अंगानेच उभं राहावं लागतं, वळायच्या वाटा कमी होतात. फ्रँक आणि इव्हान्स या रसायनज्ञांनी १९४५ मध्ये हे मांडताना 'आइसबर्ग' हा शब्द वापरला. तोही लोकांनी शब्दशः घेतला आणि हेक्झेनभोवती बर्फाची चित्रं काढत बसले. शब्द जपून वापरावेत, दुसरं काय.

हार्टली या रसायनज्ञाने तर १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पाणी आणि पॅराफिनची (म्हणजे मेणातल्या हायड्रोकार्बनची) साखळी यांत विकर्षण नाही, पाण्याचं पाण्याशी आकर्षण जबर आहे एवढंच. जैवरसायनज्ञ टॅनफर्ड हे सगळं जाणून होता, तरी १९७३ साली त्याने आपल्या पुस्तकाला 'हायड्रोफोबिक इफेक्ट' हेच नाव दिलं आणि हिल्डेब्रँडशी वादही घातला. परिणाम खरा आहे हे त्याचं म्हणणं मान्य. पण विकर्षण नाही असं आत सांगायचं आणि वेष्टनावर फोबिया छापायचा, हा कुठला न्याय?

तेव्हा जलभीरू चूक, जलद्वेषी त्याहून चूक, आणि जलविरोधी म्हणजे मोर्चाच. हिंदी पाठ्यपुस्तकवाल्यांनी मात्र इथे बाजी मारली आहे: ते 'विरागी' म्हणतात, द्रवविरागी, जलविरागी. राग हा रञ्ज् धातूचा, म्हणजे रंगणं, जीव जडणं. विरागी म्हणजे ज्याचा जीव जडला नाही तो. हिल्डेब्रँडला हेच तर सांगायचं होतं! यावर कुणी म्हणेल, मराठीत राग म्हणजे संताप, लोक विरागी म्हणजे 'न रागावलेला' असं समजतील. समजू द्यात. तेल पाण्यावर रागावलेलं नाही, हे शंभर टक्के खरं आहे. शब्द हिंदीतून आला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी वैरागी कुठून आला ते आधी सांगावं.

पत्रकाचं राहिलंच. गिऱ्हाइकाला जलविरागी भिंत विकू नका, तो ती मठासाठी आहे असं समजेल. अळूचं पान सगळ्यांनी पाहिलेलं असतं: पानावरच्या बारीक उंचवट्यांवर मेणाचा थर असतो, थेंब टेकतो तो टोकांवर, बाकी खाली हवा, म्हणून तो पारा होऊन घरंगळतो. तुमचा रंग खरोखर तसं करत असेल तर 'अळवाच्या पानासारखा, पाणी न धरणारा' असं छापा. करत नसेल तर कंपनीला विचारा की कोन किती अंशांचा आहे.